बदलीवाल्यांची यादी

मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवणार नाही. लहानपणी मी कुत्र्यांना भ्यायचो, शाळेत गणिताच्या मास्तरांना, आणि बहरीनला गेल्यावर व्हिसाला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा ब्रह्मराक्षस कंपनीच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेला असायचा, माझ्याच पासपोर्टच्या रूपात. मॅनेजरने एकदा भुवई उंचावली तरी मला पुण्याचं विमानतळ दिसायचं, आणि घ्यायला आलेले वडील दिसायचे, काही न विचारणारे.

कंपनी बहरीनमधल्या अस्कर गावाच्या बाजूला होती. लोखंडी टाक्या बनवायच्या, रंगवायच्या आणि ट्रेलरवर चढवून द्यायच्या, एवढा उद्योग. माणसं दीडशेच्या आसपास, त्यातली निम्मी रत्नागिरी-रायगडची. मी तिथे कॉम्प्युटरवाला होतो. एका खोलीत एक सर्व्हर, दोन मशीनं आणि सतत घरघरणारा एसी, एवढं माझं साम्राज्य. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि जो तो वेबपेज बनवत होता, म्हणून आमच्या मॅनेजरलाही ऑफिसातल्या ऑफिसात चालणारं एक वेबपेज हवं झालं. मी पर्ल नावाची भाषा एका जाड पुस्तकातून रात्रंदिवस घोकून शिकलो होतो. येत होती असं म्हणवत नाही, पण त्या आवारात ती माझ्याशिवाय कोणालाच येत नव्हती, त्यामुळे मी पंडित.

आता त्या वर्कशॉपची एक रीत सांगायला हवी. रमजान आला की पाळ्यांची अदलाबदल व्हायची. दुपारची पाळी दोन ते दहा. रोजा सोडायची वेळ नेमकी त्यात यायची, म्हणून रोजेदारांना सकाळची पाळी द्यायची आणि त्यांच्या जागी आपली हिंदू मंडळी दुपारी यायची. गणपतीत आणि दिवाळीत हेच उलट. यासाठी कधी कोणी अर्ज केला नाही की साहेबाची सही घेतली नाही. बसमध्ये बसल्या बसल्या दोघांचं ठरायचं, "उद्या मी येतो तुझ्या जागी," की खलास. मला ही रीत फार आवडायची. परदेशात इतकी सरळ माणुसकी मी दुसरीकडे पाहिली नाही.

पण सेफ्टी ऑफिसरला तिचा वैताग होता. तो केरळचा, अतिशय सज्जन आणि अतिशय नेटका माणूस. धोक्याचा भोंगा वाजला की सगळ्यांनी गेटबाहेर जमायचं आणि त्याने यादी वाचून हजेरी घ्यायची, असा नियम होता. रमजानमध्ये ती यादी हटकून चुकायची. घरी झोपलेल्या माणसाचं नाव तो पुकारत राहायचा आणि समोर उभा असलेल्याचं नाव कागदावर नसायचं. आगीच्या तालमीच्या वेळी लोक हसायचे. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला की ज्या दिवशी खरंच काही होईल त्या दिवशी मला कळलं पाहिजे की आत कोण राहिलंय. मी म्हटलं, दोन दिवसांत करून देतो. कॉम्प्युटरवाल्यांची ही एक खोड असते.

काम दिसायला सोपं होतं. मूळ यादी एका हॅशमध्ये. हॅश म्हणजे मिसळणाचा डबा समजा. मोठ्या डब्यात विभागांच्या वाट्या: फॅब्रिकेशन, पेंट, स्टोअर, गेट. प्रत्येक वाटीत त्या पाळीच्या माणसांची नावं. बदलीवर येणाऱ्यांचा दुसरा डबा, त्यांची नावं गेटवाला येताना टिपून देणार, त्यातही तशाच वाट्या, फक्त त्यांत एकदोन नावं. हे दोन डबे एकत्र करायचे, म्हणजे पेंटच्या वाटीत पेंटचे बदलीवाले पडले पाहिजेत. सुट्टीवर किंवा सकाळच्या पाळीत गेलेल्यांची नावं काढायचं काम आधीची एक ओळ करत होती, आणि ती बरोबर होती. डबे एकत्र करायला पुस्तकात एक सुरेख युक्ती दिली होती. दोन हॅश एका कंसात, मध्ये स्वल्पविराम, की झाला एक. मी तेवढंच केलं. एका ओळीत काम उरकलं म्हणून स्वतःवरच खूश होऊन खाली जाऊन चहा पिऊन आलो.

ती युक्ती वाट्यांच्या आत बघत नाही. दोन्ही डब्यांत पेंट नावाची वाटी सापडली तर पहिली उचलून फेकून देते आणि दुसरी ठेवते. पेंटचे नेहमीचे सात जण आणि बदलीवर आलेले दोघे असले, तर यादीत उरतात फक्त ते दोघे. आज हे कोणत्याही शिकाऊ पोराला माहीत असतं. मला नव्हतं. आणि मी तपासून पाहिलं नव्हतं असंही नाही, चांगलं तीनदा तपासलं होतं. पण तपासायला मी घेतले स्टोअर आणि गेट, कारण ते माझ्या खोलीच्या शेजारी होते. स्टोअरमध्ये एकच माणूस असायचा. तो सुट्टीवर गेला, बदलीवाला आला, यादीत एक नाव दिसलं. गेटवरही तेच. एकाचा एक. मी सेफ्टी ऑफिसरला सांगितलं, हो गया सर.

तेव्हापासून रोज दुपारी दोनला यादी छापली जायची. एक प्रत गेटच्या काचेवर लागायची, एक माझ्या टेबलावर. ती कोणी वाचत नव्हतं. मीही नाही. भोंगा वाजेपर्यंत यादी कोण वाचतं?

शहरातल्या गुदैबिया भागात ज्या फ्लॅटमध्ये मी राहायचो तिथे माझ्याशिवाय तिघे रायगडचे होते, एकाच गावचे. त्यातले वयाने मोठे ते पेंट विभागात होते. सगळे त्यांना मामू म्हणायचे, म्हणून मीही. माणूस खाडीकाठचा. मोजकं बोलायचा, पण तांदळाची भाकरी अशी थापायचा की मी पुण्याचा असून पोळ्यांना विसरलो. मी आजारी पडलो तेव्हा तीन रात्री माझ्या उशाशी बसून होते. मला ताप टायफॉइडचा आहे आणि मी मरणार, अशी माझी खात्री झाली होती. ते म्हणाले, "गप झोप, मरणारा माणूस एवढा बोलत नाही."

मामूंना साखरेचा आजार होता. त्या वर्षी डॉक्टरने रोजे बंद करायला सांगितले. मौलवींना विचारलं तर तेही म्हणाले की आजाऱ्याला माफी आहे. पण मामूंच्या मनाला ते पटलं नाही. गावची तरुण पोरं रोजे धरतात आणि आपण मामू म्हणवून घेणारे दुपारी डबा उघडून बसणार, या लाजेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यामुळे पहाटे सगळ्यांबरोबर उठायचे, रोजा धरण्याआधीची सहेरी करायचे आणि दिवसभर रोजेदारासारखे वावरायचे. त्यांची मूळ पाळी दुपारचीच होती. वाट्याला आलेली सकाळची बदली त्यांनी तरुणांना देऊन टाकली, स्वतः दुपारीच जायचे. सगळे म्हणायचे, मामूंचं मन मोठं. खरी गोष्ट फक्त मला माहीत होती, कारण त्यांचा डबा माझ्या पिशवीत असायचा. माझ्या पिशवीत दोन डबे असले तर कोण विचारणार? पेंट शेडच्या मागे एक जुना कंटेनर होता, ताडपत्र्या ठेवायचा. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांचा डबा ताडपत्र्यांच्या मागे ठेवून यायचो. साडेतीनच्या सुमाराला मामू तिथे जाऊन दार ओढून घ्यायचे, गोळी घ्यायचे, दोन घास खायचे आणि तोंड पुसून परत यायचे.

रमजान अर्धा होऊन गेला असेल. हिवाळ्यातली दुपार होती, बाहेर बरी हवा होती. भोंगा वाजला तेव्हा मी समजलो की तालीम आहे, आणि टेबलावरची यादी उचलून निघालो. बाहेर आलो तर पेंट शेडच्या कोपऱ्यातून काळा धूर निघत होता. थिनरचं पिंप पेटलं होतं. आम्ही सगळे गेटबाहेर धावलो. त्या गर्दीत माणसं चार भाषांत ओरडत होती. सेफ्टी ऑफिसर एका लाकडी खोक्यावर चढून काचेवरची यादी वाचू लागला. नाव पुकारलं की "यस" येत होता. स्टोअर, एक. गेट, एक. फॅब्रिकेशनची नावं मला चटकन संपल्यासारखी वाटली. मग पेंट. त्याने दोन नावं वाचली. दोघांनीही हात वर केले. त्याने पान उलटलं.

मी माझ्या हातातली प्रत पाहिली. पेंट, आणि खाली दोनच ओळी.

मला तेव्हाच्या तेव्हा कळलं. चूक कुठे आहे, कोणत्या ओळीत आहे, हे डोळ्यांपुढे लख्ख दिसलं. ज्यांची नावं पुकारली गेली नव्हती ते पेंटवाले माझ्या आजूबाजूलाच उभे होते, पण कोणी बोललं नाही. आधीच्या सगळ्या याद्यांत त्यांची नावं अशीच चुकायची, त्यांना सवय होती. विभागाचा नेहमीचा फोरमन रोजेदार, तो सकाळची पाळी करून घरी गेला होता. त्याच्या जागी आलेल्याला आपल्या हाताखाली किती माणसं आहेत हेही धड माहीत नव्हतं. मी डोकी मोजली. न पुकारलेल्या सात जणांतली सहा दिसली. सातवे मामू, ते दिसेनात. मी पुन्हा मोजलं. मी घड्याळात पाहिलं, तीन बेचाळीस झाले होते.

सेफ्टी ऑफिसर म्हणाला, "सब आ गया. कोई अंदर नहीं." आमचे दोन कामगार तोंडाला हवेचे मुखवटे लावून आत जायला तयार उभे होते. त्याने त्यांना थांबवलं. आत कोणी नाही तर जीव कशाला धोक्यात घालायचा, शेड जळू दे, आगीचे बंब निघालेत, असं त्याचं म्हणणं. ते अगदी बरोबर होतं. माझ्या यादीप्रमाणे बरोबर होतं.

आणि मी नुसता उभा राहिलो.

काय काय विचार आले ते सांगतो, कारण इतकी वर्षं ते मी कोणाला सांगितले नाहीत. पहिला विचार आला व्हिसाचा. यादी माझी, चूक माझी, सगळ्या माणसांसमोर ती मी कबूल केली की संपलं. मग वाटलं, मामू आज कंटेनरमध्ये गेलेच नसतील. बसपाशी असतील, नळावर असतील. मी बसच्या बाजूला पाहिलं, तिथे कोणी नव्हतं. मग तिसरा विचार आला आणि त्याला मी घट्ट धरलं. मी जर ओरडलो की मामू कंटेनरमध्ये आहेत, तर लोक विचारतील रमजानच्या दुपारी कंटेनरमध्ये कशाला? डबा सापडेल. ज्या माणसाने माझ्या उशाशी तीन रात्री काढल्या त्याची अब्रू मी चारचौघांत उघडी कशी टाकू? हा विचार मला इतका चांगला वाटला की मी त्याच्या आड लपलो. धूर शेडच्या मागच्या बाजूला वळत होता. शेजारी उभा असलेला एक पेंटवाला मला काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही. मी पुन्हा घड्याळात पाहिलं. कशाला पाहत होतो कोण जाणे.

मुखवटेवाल्या दोघांनी मुखवटे काढून हातात घेतले. त्यातल्या एकाने घाम पुसला आणि तो खाली बसला. ते पाहिलं आणि माझ्या घशातून आवाज निघाला. मी ठरवून बोललो असं म्हणणार नाही.

"सर, लिस्ट गलत है. मेरी गलती है. पेंट का एक आदमी अंदर है, पीछेवाले कंटेनर में."

सेफ्टी ऑफिसरने माझ्याकडे पाहिलं, तसं मला आयुष्यात कोणी पाहिलेलं नाही. त्याने विचारलं, तुला कसं माहीत. मी म्हणालो, त्यांची तब्येत बरी नाही, ते तिथे पाठ टेकायला जातात. ही थाप माझ्या तोंडून इतक्या सहज निघाली की बोलता बोलताच मला माझी शिसारी आली. म्हणजे अब्रू राखून सांगता येत होतं. चार मिनिटांपूर्वीही सांगता आलं असतं. मग मी कशासाठी उभा राहिलो होतो, याचं उत्तर तिथेच, धुराकडे बघत, मला मिळालं.

दोघे आत गेले. किती वेळ लागला ते माहीत नाही, तेव्हा मी घड्याळात पाहिलं नाही. मला फक्त एवढंच आठवतं की मी देवाला म्हणत होतो, व्हिसा जाऊ दे, नोकरी जाऊ दे, आणि त्याच वेळी मनाचा एक कोपरा म्हणत होता की इतकंही नको बोलूस, तो ऐकेल. शेवटी ते मामूंना उचलून घेऊन आले. तोंड काळं, डोळे मिटलेले, पण छाती हलत होती. कंटेनरच्या दारासमोरच आग होती, बाहेर यायला वाट नव्हती. ते ताडपत्र्यांच्या मागे तोंडावर रुमाल धरून पडून राहिले होते. मी त्यांच्याजवळ जाऊ शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी पासपोर्ट हातात देऊन घरी पाठवतील अशी तयारी ठेवूनच गेलो होतो. काहीही झालं नाही. मॅनेजरने सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, चूक वेळेवर लक्षात आणून दिलीस. अहवालात 'सॉफ्टवेअरमधील दोष' असं लिहिलं गेलं, जणू तो दोष आभाळातून पडला होता. सेफ्टी ऑफिसर मात्र माझ्या खोलीत आला, खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, दाखव. मी त्याला ती ओळ दाखवली. मग त्याच्यासमोरच ती खोडून दुसरी पद्धत लिहिली: एकेक विभाग घ्यायचा, त्याची वाटी उघडायची, तिच्यात बदलीवाल्यांची नावं घालायची, मग पुढचा. आठ ओळी झाल्या. त्याने स्वतः पेंट विभाग तपासून पाहिला. सगळी नावं आली. तो उठून गेला. दुपारी मी जळक्या शेडच्या मागे जाऊन डबा शोधून काढला. झाकण वाकडं झालं होतं, भाकरी होती तशीच होती. धुऊन पिशवीत टाकला.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेलो. आधी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो होतो. आत फक्त मामू होते, गावची मंडळी नुकतीच रोजा सोडायला गेली होती. त्यांचा आवाज पार गेला होता, ओठांपाशी कान नेल्याशिवाय कळत नव्हतं. मी डबा उशाशी ठेवला आणि खालच्या आवाजात सांगितलं की कोणाला कळलेलं नाही, सगळ्यांना वाटतं तुम्ही पाठ टेकायला गेला होतात. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी माझं मनगट धरलं.

"तो पेंटवाला सांगत होता," ते म्हणाले, "तू कागद हातात घेऊन बराच वेळ गप उभा होतास. घड्याळ बघत होतास."

मला वाटलं, आलं. ज्याची तीन दिवस भीती वाटत होती ते हेच. मी मान खाली घातली.

"मी त्याला म्हटलं, तुला नाही कळायचं. पोरगा माझी लाज राखायची वाट शोधत होता." त्यांना खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. "खरं ना?"

मी "हो" म्हणालो. त्यांनी डोळे मिटले, पण हात तसाच धरून ठेवला, आणि तो सोडवून घ्यायचीही माझी हिंमत झाली नाही.